‘मला सायनस आहे’ असं म्हणताय? सायनस तर सगळ्यांनाच असतो!

सोलापुरात सकाळी नळाला पाणी येवो न येवो, एक आवाज ठरल्या वेळेला येतोच. कुणीतरी मोरीत उभं राहून घसा खाकरत असतं. एका घरातून सुरू झालं की शेजारच्या घरातून उत्तर येतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “काही नाही, सायनस आहे.” म्हणजे नाक सतत चोंदलेलं, घशात काहीतरी चिकटल्यासारखं, डोकं जड, आणि झोपलं की मागून घशात काहीतरी ओघळतंय असं वाटत राहणं.

हे इतकं सवयीचं झालंय की त्याला कुणी आजार म्हणत नाही. वर्षानुवर्षं लोक असंच नाक घेऊन जगतात, मेडिकलवरून ड्रॉप्स आणतात, वाफ घेतात आणि गप्प बसतात. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांना नेमकं काय झालंय, हे एकदाही तपासलेलं नसतं.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. सायनस हा आजार नाही, तो शरीराचा भाग आहे. कपाळ, गाल, डोळ्यांच्या मधला भाग आणि त्यामागची खोल जागा, अशा ठिकाणी चेहऱ्याच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्या चार जोड्या असतात, आणि त्या तुम्हाला, मला, सगळ्यांनाच आहेत. या पोकळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की त्याला सायनुसायटिस म्हणतात. ही सूज १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली तर डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. चार दिवसांची सर्दी आणि तीन महिने न हटणारं नाक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

मग घशात ओघळतं ते काय?

ऐकायला किळसवाणं वाटेल, पण आपलं नाक आणि घसा रोज साधारण लिटरभर शेंबूड तयार करतात आणि आपण तो नकळत गिळतो. निरोगी माणूससुद्धा गिळतो. ही शरीराची साफसफाई आहे. हवेतली धूळ आणि जंतू या चिकट थरात अडकतात. अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस तो थर हळूहळू मागे ढकलतात आणि तो पोटात जातो. हा थर घट्ट झाला किंवा वाढला, की मगच आपल्याला तो जाणवायला लागतो. त्यालाच पोस्ट नेझल ड्रिप म्हणतात.

यात एक अडचण आपल्या बांधणीतच आहे. गालातला सायनस सगळ्यात मोठा, पण त्याचं दार तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. हौदाचं पाणी सोडायचं भोक बुडाशी न ठेवता वर काठाजवळ ठेवावं, तसं. त्यामुळे तिथला चिकट स्राव आपोआप खाली वाहून जात नाही. ते सूक्ष्म केस त्याला वर ढकलत दारापर्यंत नेतात. कोरडी हवा, धूळ, धूर, तंबाखू यांनी हे केस मंदावले किंवा दाराशीच सूज आली, की हौद तुंबला.

आता हे सोलापूरला लावून बघा. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या ठरलेल्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या त्यातल्या यादीत सोलापूरचं नाव आहे. रस्त्यावरची धूळ वेगळी सांगायला नको, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर एक संध्याकाळ काढली की दुसऱ्या दिवशी रुमाल साक्ष देतो. पावसाळा सरला की रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत फुलतं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे तण आज सगळीकडे आहे आणि त्याच्या परागांची ॲलर्जी अनेकांना असते. उन्हाळ्यात कूलर लावतो, पण त्याच्या ओल्या ताट्या वर्षानुवर्षं बदलत नाही. त्यावर धरलेली बुरशी पंख्याने थेट नाकात येते.

आणि मग काम. पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांचा दिवस जातो, त्यांच्या केसांवर, भुवयांवर सुताची बारीक धूळ बसलेली दिसते. ती नाकातही बसते. कापसाच्या धुळीने फुप्फुसाला होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत नोंद आहे. नाकाच्या तक्रारीकडे मात्र कुणी तसं बघत नाही. दुसरीकडे विडी कामगार महिला. सुपात पानं आणि तंबाखू घेऊन, मान खाली घालून त्या तासन् तास बसतात. आमच्या गल्लीतल्या एक काकू म्हणाल्या, “शिंका येतात म्हणून सूप बाजूला ठेवलं तर संध्याकाळी हिशेब कसा जुळायचा?” धूळ टाळा, हा सल्ला द्यायला सोपा आहे. ज्या धुळीवर चूल पेटते ती कशी टाळणार, हे कुणी सांगत नाही.

ड्रॉप्सचा सापळा

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय. कॉलेजात असताना नाक बंद म्हणून मेडिकलवाल्याने एक ड्रॉप्सची बाटली दिली. दोन थेंब टाकले आणि नाक उघडलं, एकदम चमत्कार. मग ती बाटली उशाखालून हललीच नाही. तीन-चार महिन्यांनी अशी वेळ आली की दर चार तासांनी थेंब टाकल्याशिवाय श्वासच घेता येईना. बाहेर जाताना मोबाइल विसरला तरी चालेल, पण बाटली नको विसरायला.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले हे ड्रॉप्स नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून नाक मोकळं होतं. पण आठवडाभराच्या पुढे ते वापरत राहिलं तर असर उतरल्यावर सूज आधीपेक्षा जोरात येते. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. शेवटी मूळ आजार राहतो बाजूला आणि नाक ड्रॉप्समुळेच बंद व्हायला लागतं. पाच ते सात दिवस, त्यापुढे नाही, हे बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद आपण कधी वाचतो? माझे ड्रॉप्स सुटायला डॉक्टरांच्या मदतीने तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे अजिबात सोपे नव्हते.

अँटिबायोटिकचंही तसंच. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतुसंसर्ग झालाच, असं नाही. साधा व्हायरसही तेच रंग दाखवतो. जुनाट दुखण्यात मुख्य भानगड सुजेची असते. त्यामुळे दर महिन्याला पाच गोळ्यांचा कोर्स करून हाती फार काही लागत नाही.

मग उपयोग कशाचा होतो?

इथे एक जुनी ओळखीची गोष्ट कामाला येते, जलनेती. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं. योगाच्या शिबिरात तांब्यासारखं तोटीचं भांडं बघितलं असेल, तेच. आजचे कान-नाक-घसा तज्ज्ञही हेच सांगतात, फक्त भांड्याऐवजी प्लास्टिकची पिचकारी बाटली देतात. इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नाक धुण्याने थोडा पण खरा फायदा दिसला. वाफेने डोकेदुखी जराशी कमी झाली, त्यापलीकडे विशेष काही नाही. आपल्याकडे उलट आहे. पातेलं घेऊन डोक्यावर टॉवेल टाकायला सगळे तयार, नाक धुवायला कुणी नाही. बरं, वाफ घेताना पातेलं कलंडून भाजण्याचा धोका असतो तो वेगळाच.

कृती सोपी आहे. अर्धा लिटर पाणी, त्यात छोटा सपाट चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा. मोरीवर वाकायचं, तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्यायचा, एका नाकपुडीतून पाणी सोडायचं आणि दुसरीतून येऊ द्यायचं. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, नंतर सवय होते.

पण पाण्याबाबत थांबून वाचा. सोलापुरात अनेक भागांत चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे घरोघरी ते ड्रममध्ये, टाकीत साठवलेलं असतं. ते पाणी नाकात तसंच घालायचं नाही. निग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा गोड्या पाण्यात असू शकतो. केरळमधल्या बातम्यांत ‘मेंदू खाणारा अमीबा’ म्हणून ऐकला असेल, तोच. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोहोचला तर जीव वाचणं फार कठीण. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण असेच दगावले. असं क्वचितच घडतं, पण टाळणं आपल्या हातात आहे. पाणी खळखळून उकळा, किमान एक मिनिट उकळी राहू द्या, झाकून कोमट होऊ द्या आणि मगच वापरा. फिल्टरचं आहे, जारचं आहे, म्हणून सूट नाही. भांडंही रोज धुऊन कोरडं करा.

दुसरी गोष्ट स्टिरॉइडचा स्प्रे. नाव ऐकून लोक घाबरतात. फ्लुटिकासोन, मोमेटासोन असे हे स्प्रे डॉक्टरच्या सल्ल्याने बरेच महिने वापरता येतात, कारण औषध नाकातच काम करतं आणि रक्तात फार कमी जातं. खरी अडचण ही की ते ड्रॉप्ससारखे दोन मिनिटांत असर दाखवत नाहीत, काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बाटली फडताळात जाते. मारण्याची पद्धतही चुकते. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला. फवारल्यावर जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध घशात जातं. आधी नाक धुवा, मग स्प्रे.

माग चालवणाऱ्यांनी किंवा विड्या वळणाऱ्यांनी काम सोडावं, असं म्हणायचा अधिकार मला नाही. पण काम संपल्यावर लगेच नाक धुणं, कपडे बदलणं, विड्या वळायची जागा आणि झोपायची जागा शक्य तितकी वेगळी ठेवणं, एवढं बऱ्याच घरांत जमू शकतं. ओढणी किंवा रुमाल बांधल्याने जाड धूळ अडते, बारीक नाही. नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क बराच बरा, पण मे महिन्यात मागाशेजारी तो आठ तास लावून दाखवा, मग बोलू.

सगळंच सायनस नसतं

२००४ साली अमेरिकेत स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे म्हणणाऱ्या २,९९१ जणांना तपासलं, तेव्हा ८८ टक्क्यांची डोकेदुखी मायग्रेनच्या प्रकारातली निघाली. म्हणजे नाक मोकळं आहे, शेंबूड नाही, वास नीट येतोय आणि नुसतं कपाळ ठणकतंय, तर कदाचित तुम्ही भलत्याच दुखण्यावर उपचार करताय.

सतत घसा खाकरावा लागण्यामागे ॲसिडिटीही असू शकते. रात्री अकराला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मटण हाणून साडेअकराला आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं. छातीत जळजळ होतेच असं नाही. बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर मूळ वरच्या किडलेल्या दाढेत असू शकतं. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर ‘ड्रिप असेल’ म्हणून सोडू नका, थुंकीची टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

‘नाकाचं हाड वाढलंय’ हेही आपलं आवडतं वाक्य. बहुतेक वेळा हाड वाढलेलं नसतं, मधला पडदा एका बाजूला कललेला असतो. थोडाफार तो पुष्कळांचा असतो आणि त्याचा त्रास होतोच असं नाही. कधी डावी, कधी उजवी नाकपुडी बंद होणं तर निव्वळ नैसर्गिक आहे. दर काही तासांनी बाजू बदलतेच. योगात त्याला स्वर बदलणं म्हणतात.

ऑपरेशनबद्दलही एक गोष्ट. औषधांनी भागलं नाही, पॉलिप असतील, तर सीटी स्कॅन करून दुर्बिणीने सायनसची दारं मोठी करतात. त्यानंतरही नाक धुणं आणि स्प्रे बहुतेकांना चालूच ठेवावं लागतं. ‘ऑपरेशन केलं तरी सायनस परत आला’ ही तक्रार अनेकदा इथूनच येते.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, तीव्र डोकेदुखीसोबत ताप आणि मान आखडणं, एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, यातलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. मधुमेह असलेल्यांच्या नाकात काळी खपली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिसने काय केलं, ते आपण पाहिलंय.

बाकीच्यांनी, तीन महिने उलटून गेले असतील तर एकदा कान-नाक-घसा विभागात दाखवून या. सिव्हिलमध्येही तो विभाग आहे. जाताना कागदावर लिहून न्या. कधीपासून त्रास आहे, कोणत्या बाजूला, वास येतो का, कोणते ड्रॉप्स किती दिवस टाकले, आणि तुम्ही काम काय करता. हे शेवटचं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.