पाच वर्षांनंतरचं गाणं

2008 चा ऑगस्ट. युकुलेलेची किणकिण, बेफिकीर शीळ, मध्येच घुसणारं व्हायोलिन आणि मागून एकच इवलासा शब्द तीन-तीनदा म्हणणारे आवाज. 'फाइव्ह इयर्स टाइम' हे नोआ अँड द व्हेल या बँडचं गाणं त्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. बँड लंडनजवळच्या ट्विकनहॅमचा, गीतकार-गायक चार्ली फिंक जेमतेम विशीतला. गाणं खरं तर 2007 मध्येच एका छोट्या लेबलवरून येऊन गेलं होतं. तेव्हा त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही.

त्या काळी लंडनमध्ये पोरांची एक टोळीच लोकसंगीताकडे वळली होती. ममफर्ड अँड सन्स, जॉनी फ्लिन, लॉरा मार्लिंग. इलेक्ट्रिक गिटारच्या गदारोळात यांनी बँजो, फिडल, मँडोलिन हाती घेतली. ही मंडळी एकमेकांच्या बँडमध्ये वाजवायची, एकमेकांच्या गाण्यांत गायची. मार्लिंग सुरुवातीला नोआ अँड द व्हेलमध्येच होती. तिचा पहिला अल्बम फिंकनेच निर्माता म्हणून घडवला आणि तो 2008 च्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत गेला. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

मी युकुलेले शिकलो ते याच गाण्यावर. सी, एफ, जी आणि परत एफ, एवढंच चक्र शेवटपर्यंत फिरत राहतं. सी वाजवायला एकच बोट लागतं: अनामिका, सगळ्यात खालच्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटवर. तासाभरात कुणालाही जमेल. पण वाजवता वाजवता एक गोष्ट लक्षात आली. सूर तेच राहतात आणि शब्द मात्र हळूहळू बाजू बदलतात. आधी प्राणिसंग्रहालयातली भटकंती, ऊन, हत्ती, वाईन, दोघांचं हसणं. मग मध्येच एक शंका डोकावते, की हे सगळं फक्त आपल्या मनातलंच असेल. आणि अखेरीस तो मुलगा सरळ कबूल करतो, की पाच वर्षांनी आपली ओळखही उरली नसेल. तेव्हाही युकुलेले तितक्याच आनंदात वाजत असते. तिथे एखादी उदास सुरावट घालणं किती सोपं होतं! ती घातली नाही, हे या गाण्याचं मोठेपण.

'गोडमिट्टं' म्हणून या गाण्याची बोळवण करणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते मान्य नाही. बँडने आपलं नाव घेतलं होतं ते दिग्दर्शक नोआ बॉमबाख आणि त्याच्या 'द स्क्विड अँड द व्हेल' या चित्रपटावरून, आणि तो चित्रपट आहे आई-वडिलांच्या घटस्फोटात होरपळणाऱ्या दोन मुलांचा. खेळकरपणाखालची ही भीती पहिल्यापासून तिथेच होती.

ती खरी व्हायला पाच वर्षंही लागली नाहीत. मार्लिंग बँडमधून बाहेर पडली, तिचं आणि फिंकचं प्रेमाचं नातंही संपलं. 2009 च्या ऑगस्टअखेरीस 'द फर्स्ट डेज ऑफ स्प्रिंग' हा अल्बम आला. संथ गिटार, तंतुवाद्यांचे लांब सूर, विरहातून सावरण्याची एक सलग कहाणी. सोबत फिंकने स्वतः दिग्दर्शित केलेला चित्रपटही. आदल्या वर्षीच्या शिट्टीचा तिथे मागमूस नाही. ज्यांना 'फाइव्ह इयर्स टाइम'चं शेवटचं कडवं ऐकू आलं होतं, त्यांना मात्र हा अल्बम परका वाटला नसावा. माझ्या मते बँडचं सर्वोत्तम काम हेच.

2011 मध्ये सिंथेसायझरच्या साथीने पुन्हा यश आलं. 2013 मध्ये, म्हणजे ते गाणं गाजल्यानंतर पाच वर्षांनी, शेवटचा अल्बम निघाला आणि 2015 मध्ये बँड थांबला.

गाणं अजून वाजतं. जाहिरातीसारखं वाटून बहुतेक जण ते अर्ध्यावरच सोडून देतात. तुम्ही तसं करू नका. शेवटचं कडवं ऐकाच.