आराखडा तोच, चाल निराळी

मी आयुष्यभर मराठी शिकविली. म्हणूनच 'चाल' या शब्दापासून आरंभ करतो. चाल म्हणजे पावलांची गती आणि चाल म्हणजे गीताची स्वररचना. अभंगाची अक्षरे तीच असतात. भजनी मंडळींनी चाल बदलली की भाव पालटतो. प्राण्यांच्या हालचालींतही असेच काही घडते.

डुमसच्या किनाऱ्यावरचा खेकडा आपण पाहिलेला आहे. खेकड्याच्या जठरात अन्न दळणारे दात असतात. ते हलविणारी मज्जागाठ अवघ्या तीसेक पेशींची. अमेरिकेतील ईव्ह मार्डर यांनी अनेक दशके तिचा अभ्यास केला. पेशींमधील एकही जोडणी न तोडता केवळ रासायनिक द्रव्य बदलले, तरी त्या गाठीचा ठेका बदलतो, असे दिसून आले.

याचे कारण असे. एक पेशी दुसरीला क्षणार्धात चेतविते वा रोखते. हा झाला साधा निरोप. परंतु डोपामीन, सेरोटोनिन यांसारखी द्रव्ये पेशीची संवेदनक्षमता आणि सांध्यांचे बळच कमीअधिक करतात. हा परिणाम कितीतरी अधिक काळ टिकतो. निरोप तोच, ऐकणाऱ्याची वृत्ती मात्र पालटलेली.

एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीत ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. परंतु पोट भरलेला कृमी अन्नावर आला की थोडा मंदावतो, ते डोपामीनमुळे. उपाशी असलेला फारच मंदावतो, ते सेरोटोनिनमुळे, हे २००० साली दाखविण्यात आले. भूक काही नकाशात दिसत नाही!

आपल्याकडील ओढ्यानाल्यांतला झेब्रा मासा घ्या. त्याच्या तीन दिवसांच्या पिलांत डोपामीन पोहण्याचा आरंभ रोखून धरते, असे वत्सला तिरुमलै व हॉलिस क्लाइन यांनी २००८ साली दाखविले. पुढे तिरुमलै यांनी बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात हाच विषय चालविला.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? कंपवातात मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी झिजतात. उपचारासाठी दिले जाणारे लेव्होडोपा हे द्रव्य आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत आहे. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली ते त्यांतून वेगळे केले. अर्थात बिया परस्पर खाणे धोक्याचे. मात्रा वैद्यांनीच ठरवावी.

घरातील कंपवाताच्या वृद्धास आपण सहज म्हणतो, "जरा भरभर चला." त्यांच्या पायांत बळ असते, मनात इच्छाही असते, पाऊल उचलू देणारे द्रव्य तेवढे उणे पडलेले असते. हे जाणले, तर आपण त्यांच्या चालीने चालू.