दुभाषी गोन्सालो

१५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने तहात वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १५५६-५७च्या सुमारास, तिथे पोर्तुगीज वडील आणि स्थानिक आई यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मले. भारतात जन्मून कॅथलिक संतपद मिळालेले ते पहिले. वसईच्या ख्रिस्ती समाजात हे नाव घरोघरी आहे. गासच्या चर्चला ते दिलं आहे, वसईतल्या महाविद्यालयालाही. वसईबाहेरच्या मराठी माणसाला मात्र ते क्वचितच ठाऊक असतं, याची मला खंत वाटते.

येशूसंघीय फादरांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा सफाईने बोलू लागला आणि धर्मशिक्षणाच्या कामात रमला. संघात आपल्याला घ्यावं, ही त्याची आस होती. ती पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला, जम बसवला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कनांनी त्यांना ब्रदर म्हणून घेतलं. फादर ते कधीच झाले नाहीत.

१५९७मध्ये नागासाकीत ते हुतात्मा झाले; पण मला वाटतं, त्यांचं बलिदान १५९३मध्येच सुरू झालं. फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपिन्सच्या गव्हर्नरांचे वकील म्हणून जपानला निघाले, तेव्हा गोन्सालो दुभाषी म्हणून बरोबर गेले. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी १५८७मध्येच मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता. जपानमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पुढचा धोका दिसत नव्हता, असं कसं म्हणावं? सुखाचा व्यापार सोडून आलेला हा माणूस हिदेयोशींसमोर उभा राहिला आणि जपानी भाषेत आपल्या मंडळींची बाजू मांडू लागला. राहायची परवानगी मिळाली. क्योतोत चर्च झालं, इस्पितळं झाली, कुष्ठरोग्यांची शुश्रूषा सुरू झाली.

१५९६च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात आणि मागून राजाचं सैन्य, अशी फुशारकी जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने मारली, असं सांगतात. हिदेयोशी भडकले. वसईचा इतिहास जाणणाऱ्याला त्यांचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत मोजली ती रुग्णांच्या उशाशी बसणाऱ्यांनी.

डिसेंबरात धरपकड झाली. जानेवारी १५९७मध्ये क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे ८०० किलोमीटरची वाट तुडवत त्यांना नागासाकीला नेलं. निघाले तेव्हा चोवीस जण होते. वाटेत आणखी दोघांना त्यांच्यात घातलं. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि बाकी सगळे जपानी प्रापंचिक. त्यांत लुईस इबाराकी हा अवघ्या बारा वर्षांचा पोर होता. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले, सगळ्यांना त्यांवर जखडलं आणि भाल्यांनी भोसकलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते.

१६२७मध्ये त्यांना ‘धन्यवादित’ घोषित केलं गेलं आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सव्वीस जणांना संतपद दिलं. भारतात जन्मलेल्या दुसऱ्या संतासाठी, केरळच्या अल्फोन्सा यांच्यासाठी, २००८ साल उजाडावं लागलं.

निशिझाकावर १९६२मध्ये स्मारक झालं. मराठी प्रवासी नागासाकीला जातात ते अणुबॉम्बच्या स्मृतिस्थळासाठी, आणि ते योग्यच आहे. पण रेल्वे स्टेशनपासून ही टेकडी पायी काही मिनिटांवर आहे. भिंतीवर ओळीने घडवलेल्या सव्वीस कांस्यमूर्तींत एक वसईकर आहे. त्याला भेटून यावं.