कसुती : टाक्यांमधलं गणित



परिसर अभ्यासाच्या तासाला मी चौथीच्या मुलांना घरातली एखादी जुनी वस्तू आणायला सांगितली होती. एका मुलीने पणजीची काळी इरकल आणली. लाल-पांढरा पदर आणि त्याच्याजवळ भरलेले हत्ती, रथ, तुळशीवृंदावन. मी विचारलं, "हे कोणी केलं?" ती म्हणाली, "पणजीनं. पण ती शाळेत गेली नव्हती, तिला काही येत नव्हतं." हे ऐकून मला वाईट वाटलं. कारण त्या पदराजवळ भरपूर गणित होतं!

या भरतकामाला कसुती म्हणतात. कन्नडमध्ये 'कै' म्हणजे हात आणि 'सुती' म्हणजे सूत. धारवाड भागातल्या बायका घरकाम आटोपून इरकल लुगड्यांवर, खणाच्या चोळ्यांवर, बाळाच्या कुंचीवर हे भरत. इरकल महाराष्ट्रातही नेसली जाते, त्यामुळे अशी साडी तुमच्या घरातल्या ट्रंकेतही सापडू शकते. चंद्रकळा या काळ्या साडीवर तर कसुती फार खुलून दिसते.

आता यातलं गणित पाहू. कसुतीत कापडावर नक्षी आधी काढून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. समजा, एक टाका चार धाग्यांचा धरला, तर पुढचाही चारचाच हवा. एक धागा चुकला की हत्तीची सोंड भलतीकडेच जाते आणि मग सगळं उसवावं लागतं.

मुख्य टाके चार आहेत :

१. गवंती – साधा धाव टाका. जाताना एक घर भरायचं, एक सोडायचं. परत येताना सोडलेली घरं भरायची. रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

२. मुर्गी – हाही तसाच, पण पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा.

३. नेयगी – 'नेयगे' म्हणजे विणकाम. नक्षी भरलेली नसून कापडातच विणलेली वाटते.

४. मेंथे – म्हणजे मेथी. हा फुली टाका, आकार भरून काढण्यासाठी.

गंमत बघा, 'गवंती' हा शब्द 'गंटु' म्हणजे गाठ यावरून आला असं सांगतात, पण कसुतीत दोऱ्याला गाठ मारत नाहीत! टोक टाक्यांखालीच दडवतात. म्हणजे दोरा कुठून निघेल, कुठल्या वाटेने फिरेल आणि परत कसा येईल, हे सुई टोचण्याआधीच डोक्यात ठरलेलं असावं लागतं. शिवाय पदराजवळ मोठे आकार आणि वर जाताना लहान लहान होत जाणारे, म्हणजे प्रमाणही आलं. मोजणी, सममिती, प्रमाण, नियोजन... आपण अजून वेगळं काय शिकवतो?

वर्गात हे सहज करता येतं. चौकटीच्या वहीवर दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. एका रंगाने एक घर सोडून एक रेघ काढत जा, दुसऱ्या रंगाने परत येताना सोडलेल्या रेघा भरा. आधी सरळ रेघ, मग पायऱ्या, मग चौकोन. जमलं की मॅटीचं कापड आणि बोथट सुई द्या. मुलगे आणि मुली, दोघांनाही द्या बरं का! माझ्या वर्गात सगळ्यात आधी चौकोन पूर्ण करणारा एक मुलगाच होता.

आणि पालकांना एक विनंती. घरात अशी साडी असेल तर ती उलटी करून मुलांना दाखवा. गवंतीची नक्षी उलट बाजूनेही तितकीच नीट दिसेल. मग सांगा, ही मोजणी करणारी बाई कधी शाळेत गेली नव्हती, पण तिला गणित येत होतं.

त्या मुलीने दुसऱ्या दिवशी साडीच्या चिठ्ठीवर आधी लिहिलेलं 'पणजीची जुनी साडी' हे खोडून नवीन लिहून आणलं : 'माझ्या पणजीने मोजून भरलेली साडी.'