दम लागणें आणि श्वासाचें मोजमाप

मालवणच्या किनाऱ्यावरील एखादी गृहिणी पाखाडीच्या पायऱ्या चढतांना मध्येंच थांबूं लागली, म्हणजे घरचीं माणसें वयाला किंवा दमट हवेला दोष देऊन मोकळीं होतात. तिनें जन्मांत कधीं विडी ओढलेली नसते. म्हणून फुफ्फुसांविषयीं शंका कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु चुलींतील लांकडें, झावळ्या आणि सोडणें यांचा धूर वर्षानुवर्षें छातींत गेल्यानेंहि श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊं शकतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ मध्यें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत धूम्रपान न करणाऱ्यांच्या या विकाराकडे लक्ष वेधलें.

शंकेचा उलगडा करण्यासाठीं श्वासमापक यंत्र आहे. रोग्यानें छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि तो सर्व शक्तीनिशीं, छाती रिकामी होईपर्यंत, नळींत सोडावयाचा. असें निदान तीन वेळां. एकंदर किती हवा सुटते, हें लंडनच्या जॉन हचिन्सन यांनीं १८४६ सालीं मोजून दाखविलें. पहिल्या सेकंदांत किती सुटते, याचें महत्त्व १९४७ मध्यें तिफ्नो व पिनेली या फ्रेंच संशोधकांनीं पुढें आणलें.

निकाल वाचतांना या दोहोंचें प्रमाण पाहावें. समजा, दोन स्त्रियांची पहिल्या सेकंदांतील हवा सारखीच, १·१ लिटर भरली. एकीची एकंदर हवा २ लिटर. म्हणजे प्रमाण शेंकडा ५५. साधारणतः तें ७० च्या वर असावें. तेव्हां येथें हवेची वाट अडली आहे. दुसरीची एकंदर हवा अवघी १·३ लिटर, प्रमाण सुमारें ८५. तिची वाट मोकळी, परंतु फुफ्फुसांत हवाच कमी मावते असा संशय येतो. तो पक्का करण्यास फुफ्फुसांचें पूर्ण आकारमान मोजावें लागतें. पहिलीला श्वासनलिका रुंद करणारें औषध देऊन कांहीं मिनिटांनीं पुन्हां फुंकावयास सांगतात. वाट बरीच मोकळी झाली तर दम्याचा संभव वाढतो. प्रमाण ७० च्या खालींच राहिलें तर अडथळा कायमचा समजतात.

कागदावरील 'अपेक्षित' आंकडा वय, उंची आणि लिंग यांवरून काढलेला असतो. उंची चुकीची नोंदली गेली तर तुलनाहि चुकते.

आणि सर्व आंकडे निर्दोष आले तर? तेवढ्यानें दम लागणें खोटें ठरत नाहीं. रक्तक्षयानें दम लागतो, हृदयविकारानेंहि लागतो; दमा तर दोन झटक्यांच्या मध्यंतरीं यंत्राला सांपडतहि नाहीं. प्राणवायु रक्तांत नीट उतरतो कीं नाहीं, हें पाहण्याची चाचणीहि निराळी आहे. यास्तव निर्दोष कागद हातीं आला म्हणून तपास थांबवूं नये. कारण हातीं लागेपर्यंत तो चालूं ठेवावा.