अ‍ॅमस्टरडॅम : खांबांवर उभं असलेलं शहर

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी फक्त घरी आणि लोकलमध्ये. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागासाठी मला "प्रवासवर्णन" लिहायला सांगितलंय, पण मी पडले सिव्हिलची, त्यामुळे प्रवासात फाउंडेशन येणारच!

थर्ड इयरची परीक्षा संपल्यावर मी मामाकडे जर्मनीत गेले होते. ड्युसेलडॉर्फहून अ‍ॅमस्टरडॅम रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर. माझी शाळेपासूनची मैत्रीण तिथे इकॉनॉमिक्स शिकते. "चार दिवस तरी ये गं, इथे मराठीत भांडायलासुद्धा कोणी नाही," असं ती वर्षभर म्हणत होती. गेले.

स्टेशनवर उतरले आणि पहिला धक्का तिथेच बसला. १८८९ साली सुरू झालेलं हे भलंमोठं स्टेशन पाण्यात भराव घालून तयार केलेल्या तीन बेटांवर उभं आहे, आणि त्याच्या खाली ८,६८७ लाकडी खांब आहेत. लाकडी! आपण लाकूड म्हटलं की वाळवी आठवतो.

मैत्रिणीची खोली "द पाइप" नावाच्या भागात, एका अरुंद घराच्या चौथ्या मजल्यावर. जिना इतका उभा, की त्याला शिडीच म्हणायला हवं. "वर चढताना खाली बघू नकोस," तिने बजावलं. तेव्हा कळलं की तिथल्या जुन्या घरांच्या माथ्यावर आकडा लावलेली तुळई कशासाठी असते. पलंग, कपाट, पियानो, काही जिन्याने नेता येत नाही. दोराने ओढून खिडकीतून आत घ्यायचं. सामान भिंतीला आपटू नये म्हणून कित्येक घरांचे दर्शनी भाग मुद्दामच थोडे पुढे झुकवून बांधलेले आहेत.

पण तिच्या घराचं झुकणं मुद्दाम केलेलं नव्हतं. टेबलावर पेन ठेवलं तर ते आपोआप खिडकीकडे घरंगळत जायचं. पहिल्या रात्री जेवताना (वरण-भात, वर मी नेलेलं लिंबाचं लोणचं) तिने घरमालकाचं पत्र दाखवलं. घराच्या पायाची तपासणी होणार, आणि पाया बदलायचा ठरला तर सगळ्यांना खोल्या रिकाम्या कराव्या लागणार. त्या शहरात विद्यार्थ्याला दुसरी खोली मिळणं म्हणजे आपल्याकडे ऐन गर्दीच्या वेळी विंडो सीट मिळण्यासारखं. तिचा चेहराच उतरला होता. म्हणाली, "अगं, तू सिव्हिलची ना? मग सांग, हे घर पडणार का?"

आता काय सांगू! व्हायवाला पाईल फाउंडेशनचे प्रकार मी पोपटासारखे म्हणून दाखवले होते. पण पुढ्यात खरं घर आणि खरी मैत्रीण असल्यावर पोपट गप्प. मग पुढचे दोन दिवस आम्ही दोघी हेच शोधत फिरलो. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगते.

अ‍ॅमस्टरडॅमची जमीन म्हणजे वरचे दहा-बारा मीटर मऊ पीट आणि चिखल. त्यावर थेट भिंत बांधली तर ती खचत जाते. साधारण बारा मीटरवर वाळूचा घट्ट थर लागतो. म्हणून लांब ओंडके त्या वाळूपर्यंत ठोकायचे, त्यांची डोकी एका पातळीत कापायची, त्यावर आडवी लाकडं आणि मग विटांची भिंत. डाम चौकातला राजवाडा १६४८ साली टाऊन हॉल म्हणून बांधायला घेतला, त्याच्या खाली असे १३,६५९ खांब आहेत. आकडा पाठ करायची तिथली युक्तीही मजेदार आहे. वर्षाचे दिवस ३६५, पुढे १ लावा, मागे ९!

मग लाकूड कुजत कसं नाही? कुजवणाऱ्या बुरशीला पाणीही लागतं आणि हवाही. खांबाचं डोकं कायम भूजलाच्या खाली राहिलं तर हवा मिळत नाही, म्हणून बुरशी नाही. खांब शतकानुशतकं टिकतो. पण भूजल खाली गेलं आणि डोकं उघडं पडलं, की तिथून कुजायला सुरुवात. म्हणजे आपण पाणी वाढलं की घाबरतो, आणि हे लोक पाणी कमी झालं तरी घाबरतात! याशिवाय काही प्रकारचे जीवाणू हवेशिवायही लाकूड पोखरतात, फक्त फार सावकाश. पाइनच्या लाकडाला त्यांचा त्रास जास्त.

कालव्यांच्या काठांचंही तेच. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे प्रसिद्ध कालवे खणायला १६१३ च्या सुमारास सुरुवात झाली, आणि २०१० मध्ये हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण काठाच्या भिंतीही लाकडी खांबांवरच. त्या घोडागाडीच्या काळातल्या, आणि आज वरून ट्रक जातात. १ सप्टेंबर २०२० रोजी ग्रिमबुर्गवाल इथे काठाचा एक तुकडा चक्क पाण्यात कोसळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. शहराने सुमारे २०० किलोमीटर काठ आणि ८५० पूल तपासून दुरुस्त करायचं काम अंगावर घेतलंय. कितीतरी ठिकाणी काठाला लोखंडी आधार दिलेले आम्ही पाहिले. फोटोत ते छान दिसत नाहीत, म्हणून पर्यटक तिथून कॅमेरा फिरवतात. मी मात्र त्यांचेच फोटो काढले!

तर मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर असं. रांगेतली घरं एकमेकांना टेकून असतात, घर हळूहळू खचत असेल तर तडे जातात, दारं अडकतात, म्हणजे इशारे मिळत राहतात. म्हणून तर तपासणी. पाया बदलायचा झाला तर तळमजल्याची जमीन काढतात, आतूनच लोखंडी पाईल तुकड्या-तुकड्यांनी खाली घालतात, त्यावर काँक्रीटचा स्लॅब ओततात आणि भिंतींचा भार त्यावर घेतात. घर वाचतं. "आणि माझी खोली?" तिने विचारलं. त्याचं उत्तर कुठल्याच टेक्स्टबुकात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने मला "स्टोपेरा" या इमारतीत नेलं. अर्धी नगरपालिका, अर्धं ऑपेरागृह. तिथे एक पितळी बोल्ट आहे, तो म्हणजे एन. ए. पी. चा शून्य. देशातल्या सगळ्या उंच्या या शून्यापासून मोजतात. कालव्यांचं पाणी त्याच्या साधारण ४० सेंटीमीटर खाली राखलेलं असतं. शेजारी काचेचे तीन उंच स्तंभ आहेत. दोनांत समुद्राची चालू पातळी दिसते. तिसऱ्यात १९५३ च्या महापुराची, शून्याच्या वर ४.५५ मीटर. त्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. मान वर करून मी ती पातळी बघत राहिले आणि मला आमची भिंत आठवली.

आमचं घर कुर्ल्यात, तळमजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी दोन महिन्यांची होते. आईने मला पोटमाळ्यावर ठेवलं आणि स्वतः रात्रभर शिडीवर उभी राहिली. पाणी ओसरल्यावर बाबांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. दर वेळी रंग काढताना आई तेवढी जागा सोडायला लावते. आमचा एन. ए. पी. च तो! यंदा बाबा म्हणत होते, जोतं एक फूट वाढवू या. पण एक फूट कशापासून? रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचो, तिथे आता एक पायरी उतरतो.

परतीचं विमान स्किपोलहून होतं. १८५२ पर्यंत पंपांनी कोरडा केलेल्या तळ्याच्या तळाशी हा विमानतळ आहे, समुद्रसपाटीच्याही खाली. निरोप घेताना मैत्रीण रडली नाही, मी रडले. तपासणीचा निकाल अजून यायचाय. तिने पुठ्ठ्याचे खोके मात्र आणून ठेवलेत.

इकडे आल्यावर मी सरांच्या परवानगीने सर्व्हे लॅबचा ऑटो लेव्हल आणला आणि दोन क्लासमेट्सना घेऊन अख्ख्या गल्लीच्या लेव्हल्स घेतल्या. रस्ता आमच्या फरशीच्या ३८ सेंटीमीटर वर निघाला. म्हणजे एक फुटाने काही भागणार नव्हतं! आता गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज तयार आहे. पुढचा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढा, एवढीच विनंती. सोबत आमचा लेव्हल्सचा तक्ता जोडलाय. सर्व्हेच्या जर्नलबाहेर मी काढलेल्या या पहिल्याच लेव्हल्स!