‘मालकाने आपला संघ हलविला’ : षष्ठी, सर्वनाम आणि गावाचे नाव

‘नवा मालक आपला संघ नेईल काय?’ खेळाचा संघ एका धनिकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला, की त्या शहरातील प्रेक्षकांच्या तोंडी हा प्रश्न येतो. पुढे भीती खरी ठरली, तर वृत्तपत्रात वाक्य छापून येते : ‘मालकाने आपला संघ हलविला.’ या दोन्ही वाक्यांतील ‘आपला’ हा शब्द कोणाचा वाचक आहे, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. दुसऱ्या वाक्यात तो आत्मवाचक मानला, तर ‘मालकाने स्वतःचा संघ हलविला’ असा अर्थ होतो आणि त्यात तक्रारीस जागा उरत नाही. स्वतःची वस्तू कोठे ठेवावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तोच ‘आपला’ समावेशक बहुवचनी मानला, म्हणजे ‘तुमचा-आमचा, आपणा सर्वांचा’ असा घेतला, तर तेच वाक्य चोरीची फिर्याद होते. एकही अक्षर न बदलता वाक्य मालकाच्या बाजूचे किंवा प्रेक्षकाच्या बाजूचे होऊ शकते, आणि मुळातला वादही नेमका याच दोन अर्थांमधला आहे.

प्रेक्षकांनी मालकाला विनंतिपत्र लिहिले, तर तिसरा अर्थ उभा राहतो. ‘आपण आपला संघ येथून हलवू नये’ या वाक्यातील ‘आपला’ आदरार्थी आहे. तो ‘तुमचा’ या अर्थी येतो. म्हणजे मालकी नाकारण्यासाठी लिहिलेल्या पत्रातच विनयापोटी ती मान्य केली जाते. पत्राखाली ‘आपला नम्र’ अशी सही असते ती वेगळीच. दादोबा पांडुरंगांपासून मोरो केशव दामल्यांपर्यंत आपल्या वैयाकरणांनी ‘आपण’ या सर्वनामाचे हे प्रकार नोंदविलेले आहेत. परंतु ते एकाच वाक्यात एकमेकांशी भांडू लागले म्हणजे काय होते, याचा विचार करण्याचा प्रसंग त्यांना आला नसावा.

महाराष्ट्रात या विषयाचे ताजे उदाहरण पुण्याचे आहे. ‘इंडियन सुपर लीग’ ही फुटबॉलची स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा तीत ‘एफसी पुणे सिटी’ नावाचा संघ होता. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत तो खेळे. २०१७-१८च्या हंगामात त्याने उपांत्य फेरी गाठली. पुढे आर्थिक अडचणींमुळे २०१९ साली तो स्पर्धेबाहेर पडला आणि त्याच वर्षी त्याच्या जागी ‘हैदराबाद एफसी’ हा संघ आला. येथे क्रियापद कोणते योजावे? संघ ‘बंद पडला’ म्हणावे, ‘विकला गेला’ म्हणावे, की ‘हलविला’ म्हणावे? कागदोपत्री पुण्याचा संघ विसर्जित झाला आणि हैदराबादेत नव्या मालकांनी नवा संघ काढला. पण स्पर्धेतील जागा तीच आणि पुण्याचे कित्येक खेळाडूही तेच. बारकाईने पाहता पुण्याहून हैदराबादेस गेली ती ‘जागा’ गेली. मराठीत जागा म्हणजे स्थळ आणि जागा म्हणजे पदही, हे येथे ध्यानात घ्यावे. जागा हलते, हा व्याघात या व्यवहारात रोजचा आहे.

त्याचे कारण स्पर्धेच्या रचनेत आहे. युरोपातील फुटबॉलच्या जुन्या व्यवस्थेत वरच्या श्रेणीतील स्थान खेळून मिळवावे लागते आणि हरल्यास ते जाते. ते बाजारात विकत घेण्याची वस्तू सहसा होत नाही. आपल्याकडील नव्या स्पर्धांत मात्र प्रवेशाचा हक्क फी भरून मिळतो. हक्क विकत घेता येतो, म्हणून विकता येतो, आणि विकता येतो म्हणून दुसरीकडे नेताही येतो. दिल्लीचा ‘दिल्ली डायनॅमोज’ हा संघ त्याच २०१९ साली भुवनेश्वरला गेला आणि ‘ओडिशा एफसी’ झाला. हैदराबादच्या संघाने २०२१-२२ साली अजिंक्यपद मिळविले, नंतर तोही पैशाच्या अडचणीत आला. २०२४ साली तो बी. सी. जिंदाल उद्योगसमूहाकडे गेला आणि २०२५ साली दिल्लीला नेऊन ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ या नावाने उभा करण्यात आला. पुण्यातून निघालेली जागा सहा वर्षांत हैदराबादमार्गे दिल्लीस पोहोचली आणि दिल्लीची जुनी जागा ओडिशात राहिली.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रवासात एक गंमत दिसते. तेलुगूत मराठीप्रमाणेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे : ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ‘मनमु’ म्हणजे आपण. त्यांची षष्ठीची रूपे ‘मा’ आणि ‘मन’. मात्र आत्मवाचकासाठी तेलुगूत ‘तन’ हा निराळा शब्द आहे. त्यामुळे ‘मालकाने आपला संघ हलविला’ हे वाक्य तेलुगूत सांगताना हैदराबादच्या माणसाला ‘तन’ म्हणावयाचे की ‘मन’, हे आधी ठरवावेच लागते. हिंदीत ‘हमारा’ या शब्दात ऐकणाऱ्याचा समावेश आहे की नाही ते कळत नाही, आणि ‘अपना’ हा शब्द प्रमाण भाषेत आत्मवाचक असला तरी बोलण्यात समावेशकही होतो. तीन शहरांत एकच तक्रार तीन व्याकरणांतून करावी लागते, आणि तिघांत सर्वांत संदिग्ध राहण्याची सोय मराठी माणसाला आहे!

आता ‘-चा’ या प्रत्ययाकडे वळू. ‘शेठजींचा संघ’ आणि ‘पुण्याचा संघ’ या दोहोंत प्रत्यय एकच आहे. षष्ठीचे अर्थ शंभरावर आहेत असे महाभाष्यकार सांगतात, आणि पाणिनीने तर इतर विभक्तींत न बसलेले उरलेसुरले संबंध षष्ठीच्या पदरी घातले आहेत. तेव्हा एकाच प्रत्ययाने दोन संबंध दाखविले, यात नवल नाही. प्रश्न असा की ‘पुण्याचा संघ’ यातील संबंध कोणता? ‘शेठजींच्या मालकीचा संघ’ असे म्हणता येते. ‘पुण्याच्या मालकीचा संघ’ असे म्हटले तर ते खोटे ठरते. म्हणजे हा स्वामित्वसंबंध नव्हे. मग तो स्थानसंबंध, म्हणजे ‘पुण्यातला संघ’, असेल काय? प्रथमदर्शनी तसे वाटते, परंतु पुरावा उलट आहे. महामारीमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांत स्पर्धेचे सर्व सामने गोव्यात झाले. हैदराबादने अजिंक्यपद मिळविले तो हंगाम यांपैकीच. अंतिम सामनाही फातोर्ड्याच्या मैदानावर झाला. त्या हंगामात संघ हैदराबाद‘तला’ नव्हता, तरी हैदराबाद‘चा’ होता, आणि तेथील लोकांनी आनंद केला तो ‘-चा’च्या बळावर. क्रिकेटमध्येही हेच दिसते. तेलंगणाच्या आंदोलनामुळे २०१० साली हैदराबादच्या ‘डेक्कन चार्जर्स’ला घरचे सामने बाहेर खेळावे लागले, त्यांपैकी काही नागपूरजवळ जामठ्याला झाले. २०१६ साली दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा पुण्याच्या संघाचे ‘घर’ काही दिवस विशाखापट्टणम झाले. त्यामुळे जामठ्याच्या प्रेक्षकांना चार्जर्स ‘आपले’ वाटले नाहीत आणि पुण्याचा संघ आंध्राचा झाला नाही.

‘-चा’ने दाखविलेला हा तिसरा संबंध स्वामित्वाचा नाही व स्थानाचाही नाही. आपण बोलताना त्याला ‘आपलेपणा’ म्हणतो. तात्पुरत्या स्थलांतराने तो तुटत नाही, कारण परत येण्याची अपेक्षा शिल्लक असते. नवा मालक आला म्हणजे प्रेक्षक घाबरतो तो या अपेक्षेसाठी. कायदा मालकाची षष्ठी ओळखतो; प्रेक्षकाची षष्ठी ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी बहुधा नसते.

बहुधा म्हणण्याचे कारण असे की अमेरिकेत काही वेळा ती ओळखली गेली आहे. क्लीव्हलंड शहरातील ‘ब्राऊन्स’ हा अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला नेण्याचा बेत मालकाने १९९५ साली जाहीर केला. मोठा गदारोळ झाला. अखेर तडजोड अशी ठरली की मालकाने खेळाडू आणि कर्मचारी न्यावेत, परंतु संघाचे नाव, रंग आणि पूर्वीच्या सामन्यांचा इतिहास क्लीव्हलंडलाच राहावा. १९९६ साली बाल्टिमोरला गेलेला संघ ‘रेव्हन्स’ झाला. १९९९ साली क्लीव्हलंडला नवे खेळाडू जमवून ‘ब्राऊन्स’ पुन्हा उभा राहिला आणि तो जुन्याच संघाचा पुढचा भाग मानला जातो. सिॲटल येथील ‘सुपरसॉनिक्स’ हा बास्केटबॉलचा संघ २००६ साली ओक्लाहोमाच्या मालकांनी विकत घेतला व २००८ साली तिकडे नेला. तेथेही नाव आणि रंग सिॲटलकडे राहिले, मात्र संघ अद्याप परतला नाही. विशेषनाम कशाला चिकटलेले असते, या तत्त्वज्ञांच्या जुन्या वादात हे निवाडे पुरावा म्हणून मांडण्यासारखे आहेत. खेळाडू, कर्मचारी, मालक हे सर्व गेले आणि तरीही ‘ब्राऊन्स’ गेले नाहीत, असे तेथे करारानेच ठरले.

याच्या उलट, नाव बरोबर नेले म्हणजे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. मिनिॲपोलिसचा परिसर सरोवरांचा, म्हणून तेथील संघ ‘लेकर्स’. तो १९६० साली लॉस एंजलिसला गेला. सरोवरे मागे राहिली, नाव तसेच राहिले. इंग्लंडमध्ये विंबल्डनचा फुटबॉल संघ मिल्टन केन्स येथे नेण्यास २००२ साली तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. संघ २००३ साली गेला आणि पुढे त्याने ‘मिल्टन केन्स डॉन्स’ असे नाव घेतले. यातील ‘डॉन्स’ हा ‘विंबल्डन’ या शब्दाच्या शेवटच्या अवयवाचा अवशेष. विंबल्डनच्या प्रेक्षकांनी मात्र निकालानंतर काही आठवड्यांतच स्वतःचा ‘एएफसी विंबल्डन’ हा संघ काढला, नवव्या श्रेणीपासून खेळावयास आरंभ केला, २०११ साली व्यावसायिक श्रेणीत प्रवेश मिळविला आणि २०२० साली ते प्लाऊ लेन या आपल्या जुन्या रस्त्यावर परतले. या शेवटच्या वाक्यातील ‘आपल्या’ शब्दाचे सर्व अर्थ एकत्र आले आहेत, कारण तो संघ प्रेक्षकांच्याच मालकीचा आहे.

पाणिनीने तद्धितांच्या प्रकरणात ‘निवास’ आणि ‘अभिजन’ असा भेद केलेला आहे. आज जेथे राहणे आहे तो निवास, पूर्वज जेथे राहिले तो अभिजन. गमतीचा भाग असा की दोहोंसाठी रूप एकच होते : स्रुघ्न येथे राहणारा तो ‘स्रौघ्न’ आणि ज्याचे पूर्वज स्रुघ्नचे तोही ‘स्रौघ्न’. लेकर्सचा निवास लॉस एंजलिस व अभिजन मिनिॲपोलिस, असे म्हटले की बराच घोटाळा सुटतो. मराठीतील ‘-कर’ प्रत्ययाचीही हीच कथा आहे. ‘पुणेकर’ म्हणजे पुण्यात राहणारा. पण आडनाव म्हणून ‘-कर’ लागते ते बहुधा गाव सोडल्यावर. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावाने ओळखण्यात अर्थ नसतो. खेळाडूंच्या बाबतीत आपण अभिजन सहज मान्य करतो. जितेश शर्मा पंजाबकडून खेळो की बंगळूरकडून, अमरावतीत तो ‘अमरावतीचा’च असतो. संघाला मात्र ही सवलत देण्यास कोणी तयार नसते. दिल्लीत खेळणारा संघ ‘मूळचा पुण्याचा’ म्हणून पुणेकर त्याच्यामागे जाताना दिसत नाहीत.

वऱ्हाडच्या वाचकाला या सर्वांत ओळखीचे काही सापडेल. येथे संघ हलला नाही. मुलूख जागच्या जागी राहिला आणि मालक बदलत गेले. १८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आले, १९०२ साली कायमचे भाडेपट्ट्याने दिले गेले, १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. या अवधीत ‘-चा’ची जी ओढाताण झाली तिचा कळस १९३६ साली दिसतो : कारभार इंग्रजांचा असताना निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी देण्यात आली. मुलुखावर सत्ता नाही, पण नावात मुलूख आहे. मिल्टन केन्सच्या ‘डॉन्स’ची आणि या पदवीची जात एकच.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना यातून करण्याजोगे काम आहे. वऱ्हाडी बोलीत ‘माहा’, ‘आमचा’ आणि ‘आपला’ यांचा उपयोग संघांविषयी बोलताना कसा होतो, हे अमरावती व अकोला येथील बोलण्यातून टिपावे. (‘संघ’ हा वृत्तपत्राचा शब्द झाला, बोलताना ‘टीम’च असते आणि ती स्त्रीलिंगी असते, हे टिपणाऱ्याने विसरू नये.) विदर्भाचा रणजी संघ यासाठी सोयीचा आहे. त्याला मालक नाही, म्हणून आत्मवाचक ‘आपला’ येथे आपोआप गळतो. तो २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा विजेता झालेला असल्याने त्याच्याविषयी बोलण्यास लोकांना विषयही आहे. अकोल्याचा माणूस पुण्याच्या माणसाशी बोलताना त्याला ‘आमची टीम’ म्हणेल, हे व्याकरणावरून सांगता येते. तोच नागपूरच्या माणसाशी बोलताना ‘आपली’ म्हणतो की तेथेही ‘आमची’च म्हणतो, हे मात्र ऐकूनच ठरवावे लागेल.